मास्टर कॅसेट आधी शोध

तिकोणा पेठ, ता. मावळ, जि. पुणे

चि. ताईस आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा तू फोनवर विचारलंस, "आबा, पेटीतल्या त्या व्हिडिओ कॅसेटी एक जण पेन ड्राइव्हवर करून देतो म्हणालाय. देऊन टाकू का?" आपल्याकडची रेंज तुला ठाऊकच आहे. दोन वाक्यांत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे, म्हणून सवडीनं लिहायला बसलो आहे. कामशेतला माझं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हापासून या कॅसेटींशी माझा संबंध. पवन मावळातल्या घराघरांतली यंत्रं माझ्या टेबलावर उघडी पडलेली आहेत. त्यामुळे या एका विषयात माझा शब्द ऐकावास, एवढा हक्क मी मागतो.

आधी उत्तर देतो. देऊन टाकू नकोस. करून घ्यायच्या आहेतच, आणि याच वर्षी करून घ्यायच्या आहेत. पण कुठली कॅसेट आधी, कशी आणि कुणाच्या देखत, हे ठरवल्याशिवाय पेटी कुणाच्या हातात द्यायची नाही.

घाई का, ते सांगतो. लोकांना वाटतं, कॅसेटची फीत कुजते म्हणून घाई. फीत कुजतेच, त्याबद्दल पुढे लिहितो. पण फितीच्या आधी यंत्र संपतं. व्हीएचएस हा प्रकार जपानच्या जेव्हीसीनं १९७६ मध्ये बाजारात आणला. जपानचीच फुनाई ही कंपनी शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत होती. सुटे भाग मिळेनात म्हणून जुलै २०१६ मध्ये तिनंही काम थांबवलं. आज जगात कुठेही नवा व्हीसीआर तयार होत नाही. जे आहेत त्यांचे रबरी रोलर कडक झालेत, पट्टे सैल पडलेत, हेड झिजलेत. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत पूर्वी मला हवा तो भाग उभ्या उभ्या मिळायचा. आता जुन्या बाजारात बंद यंत्र विकत घ्यायचं आणि त्यातला एक चांगला भाग काढून दुसऱ्यात बसवायचा, असं चालतं. २०१९ मध्ये युनेस्कोनं आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मिळून जगभरच्या संस्थांना इशारा दिला होता, की चुंबकीय फितीवरचं जे काही वाचवायचं ते २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घ्या, पुढे ती वाजवणारी यंत्रंच सहजी मिळणार नाहीत. मोठमोठ्या संग्रहालयांची ही गत, तर आपल्या पत्र्याच्या पेटीचं काय?

आता पेटीत काय आहे ते तुला माहीत असायला हवं. जाड काळ्या कॅसेटी आहेत त्या व्हीएचएस. बहुतेक १८० मिनिटांच्या, आत अडीचशे मीटरहून लांब फीत. तळाला दोन-तीन काडेपेटीएवढ्या छोट्या आहेत, त्या तुझ्या धाकट्या काकाच्या मिनी-डीव्ही. त्या मुळातच डिजिटल आहेत. त्यांना वेगळी वागणूक लागते: तशाच कॅमेऱ्यातून फायरवायरच्या तारेनं संगणकावर घेतल्या तर जशाच्या तशा उतरतात, तसूभरही फरक पडत नाही. दुकानदार त्या पिवळ्या पिनेतून घेतो म्हणाला तर सरळ परत आण. त्यांची फार काळजी नाही मला. माझा जीव अडकलाय तो काळ्या कॅसेटींत.

तुझ्या पिढीला हे सगळं कुठून सुरू झालं ते माहीत नसेल. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आले. गावाकडे विकत घेणारे थोडे. भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणायचा, चावडीसमोर मांडायचा आणि रात्रभर तीन पिक्चर बघायचे, असा तो काळ. मग लग्नाची शूटिंग सुरू झाली. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, आत पूर्ण आकाराची कॅसेट, आणि शेजारी सनगन धरलेला पोरगा. त्या दिव्याचा उजेड इतका, की बायका पदर डोळ्यांवर ओढायच्या. म्हणून जुन्या शूटिंगमध्ये आपल्याकडच्या निम्म्या बायकांचे चेहरे पदराआड दिसतात. पुढेपुढे सवय झाली आणि पदर खाली आले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नीट वाच.

शूटिंग झालं की ती कॅसेट मिक्सिंगला जायची. तिथे नवरा-नवरीचे फोटो हृदयात बसवायचे, पानं उलटल्यासारखी दृश्यं बदलायची, नावं सरकवायची आणि सगळ्यावर त्या वर्षीची सिनेमातली गाणी चढवायची. गाणी चढली की खालचा खरा आवाज पुसला जायचा. मंगलाष्टकांची दोन कडवी ठेवायचे, बाकी सगळं गाण्याखाली. तयार झालेली ही कॅसेट छानशा रंगीत डब्यात घालून घरी द्यायचे. घरोघर आज कपाटात जपून ठेवलेली असते ती हीच. ज्या कॅसेटवर प्रत्यक्ष शूटिंग झालं, तिला मास्टर म्हणायचे. ती शूटिंगवाल्याकडेच राहायची. कोरी कॅसेट महाग, म्हणून पुढच्या लग्नाला तीच वापरायचा रिवाज होता. ज्यांनी मागून घेतली त्यांच्याकडेच मास्टर उरली.

तुझ्या आत्याच्या लग्नाची मास्टर आपल्याकडे आहे. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ती हट्टानं मागून घेतली होती. तिच्यावर डबा नाही, चित्र नाही. पाठीवर निळ्या शाईनं नुसतं "हळद" लिहिलेलं आहे. पाठीच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली असेल. ती पट्टी मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही, एवढी सोय कॅसेटमध्येच असते. भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड होतं, म्हणून तिथे कुणी चिकटपट्टी लावली असेल तर काढून टाक.

त्या कॅसेटवर काय आहे? घाणा भरला ती सकाळ. ओसरीवर जातं मांडलेलं, त्याला हळदकुंकू वाहिलेलं, पाच सवाष्णी बसलेल्या. खुंट्याला हात माझ्या आईचा, तुझ्या पणजीचा. ती जात्यावर ओव्या म्हणते आहे आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून थांबते. शेजारची जाऊ तिला कोपरानं ढोसते, मग ती पुन्हा सुरू होते. पहिल्या ओवीत तिकोणा गडावरच्या देवाला मूळ धाडलंय, पुढे भावांची नावं गुंफली आहेत. एक तर तिनं तिथेच रचली, कारण तिच्यात त्या वर्षी नव्यानं घातलेल्या बांधाचा उल्लेख आहे. रंगीत डब्यातल्या कॅसेटवर हेच दृश्य आहे, पण त्यावर सिनेमाचं गाणं आहे. आईचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. आई जाऊन इतकी वर्षं झाली. तिचा आवाज या पृथ्वीवर त्या एका फितीवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून म्हणतो, मास्टर आधी शोध.

हे फक्त आपल्या घरापुरतं समजू नकोस. आपल्या शेजारच्या मुळशीत आणि मावळात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. नंतर ते काम महाराष्ट्रभर पसरलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या कागदावर आल्या. पण कागदावर गळा उतरत नाही. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि गावोगावी जाऊन शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. तो ठेवा डिजिटल झालेला होता, म्हणूनच २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. ती मंडळी जुन्या नोंदी घेऊन पुन्हा त्या गावांत गेली, गाणाऱ्या बायका शोधल्या. काही भेटल्या, काहींची मुलं भेटली. एकदा ते उघडून ऐक. मग आपल्या पेटीत काय पडलंय याची तुला खरी जाणीव होईल. फिरत्या जात्याच्या काठाशी बसून बाईनं काय काय सांगितलंय! आणि आता घरोघरी गिरणीचं पीठ. ते जातं आज कुठल्याशा रिसॉर्टच्या बागेत शोभेला ठेवलेलं असेल.

आवाजाचीच चिंता मला जास्त का वाटते, त्याला यंत्रातलंही कारण आहे. व्हीसीआरच्या पोटात एक चकचकीत गोल ड्रम असतो, तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्याच्या कडेला बसवलेली हेडं फितीवर चित्र लिहितात. शेतात तिरपी तासं पाडावीत तशा तिरप्या रेषा, एकीला लागून एक, केसाहूनही बारीक. चित्र असं फितीच्या मधल्या भागात असतं. आवाज मात्र, साध्या कॅमेऱ्याचा, फितीच्या अगदी वरच्या काठावर एका मिलिमीटरच्या पट्टीत सरळ लिहिलेला असतो. दुसऱ्या काठावर यंत्राला चाल सांगणारी खूण असते. फीत कुठेही दुमडली, रोलरनं चावली, कॅसेट आडवी ठेवून रीळ खाली घसरलं, की आधी काठ जातो. चित्र दिसत राहतं आणि माणसं मुकी होतात. या कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या असतात ते यासाठी. आपल्या पेटीत त्या वर्षानुवर्षं एकावर एक आडव्या आहेत.

दुसरा शत्रू आपला पाऊस. जूनपासून चार महिने इथे भिंतीला ओल, पापडाला ओल, माचिसला ओल. फीत म्हणजे पॉलिस्टरच्या पट्टीवर चुंबकी भुकटीचा लेप, आणि ती भुकटी धरून ठेवणारा डिंक असतो त्याला दमट हवा सोसत नाही. वर बुरशी चढते. तेव्हा आज रात्रीच एवढं कर. प्रत्येक कॅसेट हातात घे, पुढच्या पारदर्शक खिडकीतून बॅटरीचा उजेड तिरपा टाक आणि रिळाच्या कडा बघ. कडा गुळगुळीत काळ्या-तपकिरी दिसल्या तर ठीक. पांढरे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा पावडर दिसली, कुबट वास आला, तर ती कॅसेट कुठल्याही यंत्रात घालायची नाही. एकदा घातली की बुरशी हेडवर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते आणि फीत फाटूही शकते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत ठेव, तोंडाला रुमाल बांधून हाताळ. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून थोडे दिवस कोरड्या पडू दे. उन्हात वाळवायच्या नाहीत. मोबाइल भिजला की तुम्ही पोरं तो तांदळात पुरता, तसलंही काही करायचं नाही. इंद्रायणी तांदळाची भुकटी रिळात गेली तर ती काढता काढता माझे डोळे जातील. बुरशीवाल्यांचे खालचे पाच स्क्रू काढून रीळ कसं साफ करायचं ते मी बघीन. ते काम तू करू नकोस.

चांगल्या कॅसेटी कशा उतरवायच्या ते आता सांगतो. बाहेर कुणाला दिल्यास तरी ही बोलणी त्याच्याशी कर.

यंत्र आधी साफ हवं. हेड साफ करताना कापसाची काडी वापरायची नाही, तिचे तंतू हेडला अडकतात. शामॉयचं कातडं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पहिल्यांदा बिनमहत्त्वाची कॅसेट लावून बघायची, फीत चावत नाही ना याची खात्री करायची. मग आपली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे घ्यायची, म्हणजे चिकटलेलं रीळ सैल होऊन एकसारखं गुंडाळलं जातं. त्यानंतर प्ले. ट्रॅकिंगचं बटण प्रत्येक कॅसेटला नव्यानं लावावं लागतं, कारण प्रत्येक कॅमेऱ्याची रेषा थोडी वेगळी पडते. एकाच कॅसेटवर दोन कॅमेऱ्यांचं शूटिंग असेल तर मध्येच पुन्हा.

व्हीसीआरमधून तार निघते ती कॅप्चर उपकरणात आणि तिथून यूएसबीनं संगणकात. बाजारात अगदी स्वस्त उपकरणं मिळतात, बोटभर लांबीची. चित्र स्थिर असेल तर तीही चालतात. पण जुन्या फितीचं चित्र स्थिर नसतं, वरचा भाग वाकडा होतो, थरथरतो. ते उपकरण गोंधळतं, मधल्या फ्रेमी गाळतं, आणि तासाभरानं ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे असं होतं. ओवी म्हणणाऱ्या बाईच्या बाबतीत हे कसं चालेल? म्हणून मध्ये टाइम बेस करेक्टर लागतो, प्रत्येक रेषेची वेळ सरळ करणारा. काही चांगल्या एस-व्हीएचएस यंत्रांत तो आतच असतो. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पार नेला तरी बराच सुधारतो. तू देणार त्या माणसाला हे विचार. त्याला प्रश्नच कळला नाही, तर तिथून उठ.

आपलं शूटिंग पॅल पद्धतीचं, सेकंदाला २५ फ्रेमी. ७२० बाय ५७६ मध्ये घ्यायचं आणि जसं आहे तसं, एकाआड एक रेषांचंच ठेवायचं. चौकोनी चित्र चौकोनीच राहू दे. हल्लीच्या टीव्हीवर भरावं म्हणून आडवं ताणतात आणि सगळी माणसं बुटकी नि जाडी होतात, मला ते बघवत नाही. जपून ठेवायची फाइल मोठी असते. डीव्ही पद्धतीनं तासाला १३ जीबी, काहीही न गाळता घेतलं तर त्याच्या दुपटीच्या आसपास. तिच्यावरून बघण्यासाठी, मोबाइलवर पाठवण्यासाठी छोटी एमपी-फोर करायची. दुकानदार बहुधा ही छोटीच देतो आणि मोठी पुसतो. आपल्याला दोन्ही हव्यात, हे आधी ठरवून घे. आणि तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, यात वेग वाढवता येत नाही. एका दिवसात पेटी रिकामी करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता काय गाळायचं? काहीच नाही. तू म्हणालीस, "तो कंटाळवाणा भाग काढून नीट एडिट करून देणार आहे." ताई, तो कंटाळवाणा भागच हवाय मला. गडावर शाळेची सहल गेली होती, ती कॅसेट आठव. पोरं चपेटदान मारुतीसमोर उभी आहेत, मास्तर चुन्याच्या घाण्याविषयी सांगतायत, हे झालं शूटिंग. पण वर त्र्यंबकेश्वराच्या देवळापाशी कॅमेरावाल्यानं कॅमेरा चालूच ठेवून नुसता गोल फिरवलाय. तुंग, लोहगड, विसापूर आणि खाली पवनेचं पाणी. त्या वेळचा काठ बघ. एकही बंगला नाही, तंबूंच्या रांगा नाहीत, नुसती खाचरं आणि पाण्यापर्यंत उतरणारी गुरांची वाट. एडिट करणाऱ्याला त्यात माणूस दिसत नाही म्हणून तो तेच पहिल्यांदा कापेल.

किंवा यात्रेची कॅसेट. बैलगाड्यांच्या बाऱ्या सगळ्यांनाच बघायच्या असतात. २०१४ मध्ये या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत वाढलेल्या पोरांनी घाट भरलेला पाहिलाच नव्हता. पण मला त्या बाऱ्यांच्या मधला वेळ हवाय. घाटाच्या कडेला कुठला माणूस कुणाशेजारी बसलाय, कुणी फेटा बांधलाय आणि कुणी टोपी, भेळवाला कुठे उभा आहे, निवेदक कोणाकोणाची नावं पुकारतोय. आवणीच्या दिवसांतली एक कॅसेट आहे, तिच्यात इरलं पांघरलेल्या बायकांची अख्खी ओळ चिखलात वाकलेली आहे. शूटिंगवाला पावसानं अडकला होता म्हणून सहज काढलेलं ते. आता खाचरात इरलं दिसतं का सांग.

पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये सुरू झालेलं. ते पी. के. नायर यांनी उभं केलं. चांगला सिनेमा, वाईट सिनेमा असा निवाडा न करता मिळेल ते रीळ त्यांनी गोळा केलं. कारण काय मोलाचं ठरणार हे आज कुणाला सांगता येत नसतं. तरीही 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, १९३१ चा, त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. २००३ च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आणखी कितीतरी गेलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी तर तीसेक वर्षं घरी बसून टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस रेकॉर्ड केल्या, सुमारे ७० हजार कॅसेटी. लोक वेडी म्हणत असतील. आज त्यातल्या बऱ्याच बातम्यांची दुसरी प्रत नाही. आपल्या पेटीत चित्रहार रेकॉर्ड केलेली एक आहे, तीही जाहिरातींसकट घे.

हे मी एवढं तळमळून का लिहितोय, ते तुला पवनेच्या धरणाकडे बघून कळेल. सत्तरच्या दशकात पाणी चढलं तेव्हा आपल्या सोयऱ्यांची गावं त्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, पर्यटक जाऊन फोटो काढतात. पण त्या देवळाभोवती माणसं वावरत होती, पार होता, दारं-अंगणं होती, त्याचं हलतं चित्र मला तरी कुणाच्या घरी कधी पाहायला मिळालं नाही. तेव्हा इथे कॅमेरे नव्हते, इलाज नव्हता. कॅमेरा आल्यानंतरचं जे आहे ते आपल्या हाताने घालवायचं, हे मला पटत नाही.

एक गोष्ट हल्ली नवीन आली आहे. एआयनं जुनं शूटिंग फोर-के करून देतो म्हणतात. मी पाहिलं. पदर चकचकीत होतो, भिंत स्वच्छ होते, पण लांब उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्या यंत्राला दिसत नाही, म्हणून ते स्वतःच्या मनानं एक चेहरा काढून बसवतं. तो आपल्या माणसाचा नसतो. तुला हौस असेल तर छोट्या प्रतीवर कर. मोठ्या फाइलला हात लावायचा नाही.

आणि फाइल झाली म्हणजे काम झालं असं नाही. अर्धं काम आजीचं आहे. माणसं ओळखणारी आता आपल्या घरात ती एकटीच उरली. मला पुरुष ओळखू येतात, बायका नाहीत. ती पाठमोऱ्या बाईच्या चालीवरून सांगते, ही अमक्याची मावळण, माहेर आंदर मावळातलं. तिला टीव्हीसमोर बसव, शेजारी तुझा मोबाइल आवाज रेकॉर्ड करायला लावून ठेव. प्रश्न फार विचारू नकोस, तिला बोलू दे. तिनं सांगितलं की वेळ लिहायची: इतक्या मिनिटाला, जात्याच्या डावीकडे बसलेली कोण, कुणाची कोण, गाव कुठलं. कागदावरही लिही आणि फाइलच्या शेजारी टाइप करूनही ठेव. फाइलचं नाव 'नवीन व्हिडिओ १' असं ठेवू नकोस. साल, गाव, प्रसंग, मास्टर की मिक्सिंग, एवढं नावातच असू दे. आजीची नजर चांगली आहे तोवर हे उरकायचं. तिला सांजेला थकवा येतो, म्हणून सकाळी बसव.

प्रती तीन. एक तुझ्या घरी हार्ड डिस्कवर, एक वेगळ्या डिस्कवर आत्याकडे, आणि एक इंटरनेटवर जिथे तुम्ही ठेवता तिथे. लिहिलेल्या डीव्हीडीवर भिस्त ठेवू नकोस, आपल्या हवेत त्या लवकर जातात. डिस्क वर्षातून एकदा जोडून फाइली उघडतात का बघायचं. कॅसेटी मात्र टाकायच्या नाहीत. उद्या कुणी अधिक चांगलं यंत्र जुळवलं तर मूळ फीत हाताशी हवी.

अजून एक सांगायचं राहिलं. यातलं काहीही लगेच इन्स्टावर टाकू नकोस. लग्नात नाचणारी, रडणारी, भांडणारी माणसं तेव्हा घरच्या कॅमेऱ्यासमोर होती, जगासमोर नव्हती. काहींचे संसार पुढे मोडले, काही गेली. आत्याला आधी विचार. तिचं लग्न आहे ते, तिचा शब्द शेवटचा. पणजीच्या ओव्या मात्र मला वाटतं सगळ्या भावकीला ऐकू द्याव्यात. पण तेही आत्या हो म्हणाली तरच.

मृग लागायच्या आत पेटी घेऊन ये. बसनं आणू नकोस, बाबांना गाडी काढायला सांग आणि कॅसेटी उभ्या रचून आण, स्पीकरला चिकटवून ठेवू नकोस, त्यात लोहचुंबक असतो. माझ्याकडचा एक व्हीसीआर चालू आहे, त्याला परवाच नवा रोलर बसवला. दुसरा सुट्या भागांसाठी ठेवलाय. तू तुझा लॅपटॉप आण, किमान अर्धा टीबी मोकळा करून. यंत्राचं मी बघतो, संगणकाचं तू बघ. "हळद" लिहिलेली कॅसेट पहिली लावायची, रंगीत डब्यातली सगळ्यात शेवटी. आजीला मी सांगून ठेवलंय, तिनं आत्ताच दोन जावांची नावं सांगायला सुरुवात केली आहे, ती मी पंचांगाच्या मागे लिहून ठेवली आहेत.

बाबांना आणि आईला आशीर्वाद सांग. कळावे.

तुझा,
आबा